सतरा नंबरचं पान

श्रीरंग आष्टेकरला बर्लिनमध्ये तीस वर्षं झाली, आणि त्यातली सव्वीस जमिनीखाली गेली. घाबरू नका, तुरुंगात नव्हे. शहरातल्या एका जुन्या संशोधन ग्रंथालयाचं पुस्तकांचं कोठार जमिनीखाली दोन मजले आहे, त्याला तिथले लोक मागात्सीन म्हणतात, तिथे तो कामाला. वरून चिठ्ठी यायची, हा रांगांमधून जाऊन पुस्तक काढायचा, पुस्तकाच्या जागी चिठ्ठी लावलेली लाकडी फळी उभी करायचा आणि पुस्तक लिफ्टमध्ये घालून वर पाठवायचा. पुस्तक परत आलं की फळी काढायची, पुस्तक जागेवर. झालं काम. हिवाळ्यात सकाळी अंधारात खाली उतरायचं आणि संध्याकाळी अंधारातच वर यायचं.

आला होता तो पीएच.डी. करायला. सांगलीत वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं असला सगळा माल. शाईच्या वासात वाढलेला हा मुलगा छपाईच्या इतिहासावर प्रबंध लिहिणार म्हणून सगळ्या गल्लीने त्याला स्टेशनवर निरोप दिला होता. चौथ्या वर्षी त्याचे मार्गदर्शक वारले, शिष्यवृत्ती संपली, नवे मार्गदर्शक म्हणाले विषय बदला. तोवर सहा महिने काढू म्हणून त्याने ग्रंथालयाची ही नोकरी धरली. सहा महिने! आता बोला. प्रबंधाची अडीच प्रकरणं अजून कपाटात वरच्या खणात आहेत.

आई मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली, आमचा डॉक्टर जर्मनीत असतो. श्रीरंगने एकदाही तिला दुरुस्त केलं नाही. ती गेली तेव्हा शेजारपाजारचे लोक ‘डॉक्टरसाहेब, फार वाईट झालं’ म्हणत भेटायला आले आणि हा सतरंजीवर मान खाली घालून बसून राहिला. लग्नाचंही दोन ठिकाणी जमत आलं होतं. दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारलं, “म्हणजे तुम्ही तिथे नेमकं करता काय?” याने खरं ते सांगितलं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही, आणि यानेही पुढे कोणाला विचारलं नाही.

माणूस तुसडा नव्हता हो. उलट बोलायला आसुसलेला. पण बोलणार कोणाशी? मराठी मंडळाच्या गणपतीत तो जायचा. नवी आयटीतली पोरंपोरी त्याला काका म्हणायची, वरणाच्या पातेल्यापाशी उभं करायची, फोटोत घ्यायची. दिवाळीला मात्र प्रत्येकाला वाटायचं की श्रीरंगकाकांना दुसऱ्या कोणीतरी बोलावलंच असेल. सगळ्यांनाच असं वाटलं की काय होतं ते तुम्हीच ओळखा. शुक्रवारी दुपारी सहकाऱ्यांना ‘शोनेस वोखेनएंडे’, म्हणजे शनिवार-रविवार मजेत जावो, असं म्हटलं की थेट सोमवारपर्यंत त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. एका सोमवारी तर रिसेप्शनवरच्या बाईला ‘मोर्गन’ म्हणायला गेला आणि आवाजच उमटेना. तेव्हापासून सोमवारी घरातून निघण्याआधी तो आरशासमोर एकदा मोठ्याने ‘मोर्गन’ म्हणून बघायचा.

ग्रंथालयात दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी सालोन असायचा. कोणी लेखक, चित्रकार किंवा अभ्यासक यायचा, साठेक लोक जमायचे, तास-दीड तास गप्पा, मग वाइन आणि खारे ब्रेत्सेल. त्या साठ खुर्च्या तळघरातून वर न्यायच्या आणि परत खाली आणायच्या हे काम श्रीरंगचं. सव्वीस वर्षांत किती वेळा नेल्या-आणल्या असतील, पण त्यातल्या एकीवरही तो कधी बसला नव्हता. कोणी नको म्हटलं नव्हतं, कोणी ये म्हटलं नव्हतं, इतकंच. घरी त्याच्याकडे खुर्ची एकच होती. कित्येक वर्षांत दुसरी लागली नव्हती.

गेल्या एप्रिलमध्ये योहाना एकाले तिथे आली. चाळिशीच्या आतबाहेरची, कासेलमध्ये जन्मलेली काळी जर्मन चित्रकार. हिचे पणजोबा कॅमेरून जर्मनांच्या ताब्यात असताना तिथून इथे आणले गेले होते. ग्रंथालयाने तिला सात महिन्यांची पाठ्यवृत्ती दिली होती. त्या काळची प्रवासवर्णनं आणि माणसांची मापं घेणारी जाडजूड पुस्तकं बघायची आणि शेवटी एका सालोनमध्ये काहीतरी करून दाखवायचं, अशी बोली. वाचकांना तळघरात उतरायची परवानगी नसते, पण हिला खास कागद मिळाला होता. पहिल्या दिवशी ती खाली आली, इकडेतिकडे बघितलं आणि श्रीरंगला म्हणाली, “तुम्ही इथे दिवसभर एकटे असता?”

साधा प्रश्न. पण सव्वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. श्रीरंग चाचरत म्हणाला, “आहेत ना पुस्तकं.” ती हसली नाही. म्हणाली, “मी पुस्तकांचं नाही विचारलं.”

मग ती मंगळवारी आणि गुरुवारी यायला लागली. ती पुस्तकं सांगायची, हा काढून द्यायचा. दुपारी कर्मचाऱ्यांच्या छोट्या खोलीत दोघं डबा खायची. तिला थालीपीठ आवडलं, लिंबाचं लोणचं तर बोटाने चाटून खायची. श्रीरंग मंगळवारसाठी सोमवारी रात्रीच भाजणी भिजवून ठेवू लागला. तिने त्याला छापखान्याचं विचारलं, प्रबंधाचं विचारलं, आईचं विचारलं, आणि याने सांगितलं. आईला खरं सांगितलं नाही, हेसुद्धा सांगितलं. तिसऱ्या महिन्यात ती ‘झी’वरून ‘डू’वर आली, म्हणजे अहोजाहोवरून एकदम अरेतुरेवर. ज्या देशात दहा-दहा वर्षं शेजारी बसणारे लोक एकमेकांना अहोजाहो करतात तिथे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. श्रीरंग त्या दिवशी उ-बानमध्ये आपलं स्टेशन सोडून दोन स्टेशनं पुढे गेला.

तिला हवं होतं एकच. पणजोबांचं नाव घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना पकडून एका डॉक्टरने मापं घेतली आणि पुस्तकात छापली, असं आजी सांगायची. पण पुस्तक कुठलं, पान कुठलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. सप्टेंबरमध्ये श्रीरंगला ते सापडलं. चुकीच्या रांगेत घुसलेला एक खंड होता, यादीत हरवला म्हणून नोंद. त्यात कोष्टकांची पानं. सतरा नंबर: पुरुष, वय अंदाजे वीस, कवटीची रुंदी इतकी, हात इतका लांब, डाव्या कानाची पाळी फाटलेली. नाव नाही. कानाची ती खूण आजीने सांगितली होती. योहाना पान बघत उभी राहिली आणि मग तिथेच शिडीच्या पायरीवर बसून रडली. श्रीरंगने थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला. मागात्सीनमध्ये चहा नेणं सक्त मना आहे, पण गेला नियम खड्ड्यात.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तिचा सालोन ठरला. शनिवारी ती लिस्बनला जाणार होती, वर्षभरासाठी. सालोनच्या पंधरा दिवस आधी ती म्हणाली, “तू त्या दिवशी एकही खुर्ची उचलायची नाहीस. पहिल्या रांगेत बसायचं. मी तुझ्या नावाची चिठ्ठी लावणार आहे.”

आणि त्याच संध्याकाळी श्रीरंगच्या मनाने घेतलं की सालोन संपला की हिला घरी जेवायला बोलवायचं. त्याच्या घरी कोणी जेवून गेल्याला नऊ वर्षं झाली होती. तो शेवटचा पाहुणा म्हणजे सांगलीचा पुतण्या, आणि तोही विमान चुकलं म्हणून आलेला. आता मात्र श्रीरंगने कंबर कसली. बाजारातून दुसरी खुर्ची आणली, उ-बानमधून डोक्यावर धरून. क्वार्क, म्हणजे तिथला दह्याचा चक्का, फडक्यात बांधून टांगला, रात्रभर नळाखाली टपटप. केशर त्याच्याकडे नव्हतं म्हणून मंडळातल्या कौमुदीला फोन केला.

“काका, श्रीखंड? कोण येणारेय?” कौमुदीने लगेच पकडलं.

“ऑफिसातली एक मैत्रीण,” तो म्हणाला आणि स्वतःच्या कानांवर त्याचा विश्वास बसेना.

“ओहो! मग वेलदोडा पण घालाल ना? आणि पुऱ्या आयत्या वेळी तळा हं, आधी तळून ठेवाल तर मार खाल माझा!”

गुरुवारी सकाळी मसालेभाताची तयारी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, तिंबलेली कणीक, सगळं झाकून ठेवून तो निघाला. वाक्यसुद्धा तयार होतं, जर्मनमधलं, क्रियापद शेवटी नीट बसवलेलं: तुला वेळ असेल तर आज माझ्याकडे जेवायला ये. पंधरा दिवस तो ते वाक्य भांडी घासताना म्हणत होता.

सभागृहात त्या दिवशी योहानाने कोणालाच पाऊल टाकू दिलं नव्हतं, श्रीरंगलाही नाही. “तू पण पाहुणा आहेस,” ती दाराआडून म्हणाली होती. बाहेर पाऊस लागून राहिला होता. साडेसहाला दार उघडलं आणि लोक उंबऱ्यापाशीच थबकले.

दारापासून खुर्च्यांपर्यंत आणि खुर्च्यांखालून थेट समोरच्या भिंतीपर्यंत जमीन दिसतच नव्हती. सगळीकडे कागद. त्या पुस्तकांमधली पानं तिने हात-हातभर मोठी छापून आणली होती आणि कडेला कड लावून जमिनीवर चिकटवली होती. कोष्टकं, मापं, माणसांच्या नावांऐवजी नंबर. मधोमध ती उभी होती, हातात माइक. “आत या,” ती म्हणाली. “दुसरी वाट नाहीये.”

ग्रंथालयाच्या संचालिका फ्राऊ लिंडनर जराशा हसल्या आणि उंच टाचा टेकवत निघाल्या. मग बाकीचे. ओल्या बुटांचे ठसे पानांवर उमटत गेले. योहाना म्हणाली, “या पुस्तकांना शंभर वर्षं या इमारतीत अठरा अंशांवर जपलंय. धूळ बसू दिली नाही. आतल्या माणसांना मात्र दोरीने बांधून मोजलं होतं. आज एक संध्याकाळ आपण हे उलटं करू.”

श्रीरंग शेवटी दारात उरला. सगळं कळत होतं त्याला, कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. ती पानं त्यानेच तर काढून दिली होती. योहाना करतेय ते शंभर टक्के योग्य आहे असं त्याचं मन सांगत होतं. पण पाय उचलेना. छापखान्यात खाली कागदच कागद असायचे आणि वडिलांचा नियम एकच होता: छापलेल्या कागदाला पाय लागला की खाली वाकायचं, हात लावायचा, कपाळाला लावायचा. मग ती चुकलेली लग्नपत्रिका असो की अडत्याचं बिल. झाडूसुद्धा लावायचा नाही, रद्दी हाताने वेचायची. तीस वर्षांत श्रीरंगने देव सोडला होता, जानवं सोडलं होतं, एकादशी सोडली होती. हे सुटलं नव्हतं, कारण हे धरलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

भिंतीकडेने हीटरखाली वीतभर जमीन मोकळी होती. तिच्यावरून तो हीटरला धरत धरत, खेकड्यासारखा, मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीपर्यंत पोचला आणि पाय त्या मोकळ्या पट्टीवरच ठेवून बसला. पहिल्या रांगेत त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी राहिली. सुटलो, त्याला वाटलं.

कसला सुटतोय! दहा मिनिटांनी योहाना म्हणाली, “एक माणूस इथे पुढे असायला हवा. सतरा नंबरचं पान त्याने शोधलं. श्रीरंग, ये ना.” टाळ्या पडल्या. साठ माना वळल्या. तो उठला, आणि काय करावं ते न सुचून त्याने हीटरखाली बूट काढून ठेवले. मोजे धड होते, हे नशीब. मोज्यांवर, चवड्यांवर, जिथे दोन पानांची कड जुळते तेवढ्याच रेघेवर पाय ठेवत तो निघाला. असं किती वेळ जमणार? योहानापासून चार पावलांवर तोल गेला आणि अख्खा पाय एका पानावर पडला. त्याने खाली बघितलं. सतरा.

हात आपोआप गेला. तो वाकला, उजव्या हाताची बोटं पानाला लावली आणि कपाळाला टेकवली.

योहाना त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आल्यासारखे झाले, आणि तिने पुढे होऊन त्याचा हात धरला आणि त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं. मग ती पणजोबांबद्दल बोलली, आजीबद्दल बोलली, तळघरातल्या त्या दिवसाबद्दल बोलली. चहाचं मात्र बोलली नाही, संचालिका समोर होत्या म्हणून. श्रीरंगचे कान लाल झाले होते. पण आपण तिच्या माणसांत बसलोय, हे सुख त्या लाजेपेक्षा मोठं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. दुसऱ्या रांगेतून प्रोफेसर ल्युडर्स उठले. निवृत्त, शुभ्र केसांचे, चाळीस वर्षं या ग्रंथालयात येणारे. सव्वीस वर्षांत श्रीरंगला ‘डांके’, म्हणजे आभार, यापलीकडे एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी श्रीरंगच्या खुर्चीच्या पाठीवरची चिठ्ठी वाकून वाचली आणि म्हणाले, “फ्राऊ एकाले, आम्ही सगळ्यांनी तुमचं ऐकून मुकाट्याने पानं तुडवली. इथे फक्त एकाच माणसाने योग्य ते केलं. हेर आष्टेकर अशा संस्कृतीतून येतात जिथे अक्षर पवित्र मानतात. पानात काय लिहिलंय ते बाजूला, दस्तऐवजाचा मान कसा ठेवायचा हे त्यांनी दाखवलं. जो तुडवतो तो वाचत नाही. तुमच्या सगळ्या प्रयोगाला हे एका कृतीतलं उत्तर आहे, असं मला वाटतं. हो ना, हेर आष्टेकर?”

योहानाने माइक श्रीरंगच्या तोंडासमोर धरला. तिला वाटलं असणार, तो बोलेल. तो तिला छापखान्याचं सांगतो, आईचं सांगतो, तर हेही सांगेल.

श्रीरंगने माइककडे बघितलं. साठ लोक. वरून आलेला आवाज. वरून आलेल्या आवाजाला सव्वीस वर्षं त्याने एकच उत्तर दिलं होतं. चिठ्ठी चुकलीय, गेनाऊ. पुस्तक उद्या लागेल, गेनाऊ. खुर्च्या पाच मिनिटांत हव्यात, गेनाऊ. अगदी बरोबर, अगदी बरोबर. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं.

“गेनाऊ.”

माइकमधून ते सगळ्या सभागृहात गेलं. मागच्या बाजूला दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. प्रोफेसर ल्युडर्स समाधानाने खाली बसले. योहानाने माइक काढून घेतला, एकवार त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “डांके. पुढचा प्रश्न.”

पुढचा प्रश्न काय होता ते श्रीरंगला ऐकू आलंच नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. आणि गंमत बघा, आता त्याला उत्तर सुचायला लागलं. एकेक वाक्य, अस्खलित, क्रियापदासकट. प्रोफेसरसाहेब, मी हळदीच्या बिलालाही वाकतो, मला तुमच्या बाजूला मोजू नका. प्रोफेसरसाहेब, जपलं ते आम्ही, तळघरातल्यांनी, आणि ज्याला मोजलं तो यांचा पणजा, तेव्हा पान तुडवायचं की पुजायचं हे ठरवायचा हक्क यांचा. किती सरळ होतं! पण प्रश्न संपले होते आणि लोक वाइनच्या टेबलाकडे निघाले होते.

श्रीरंगने कडेकडेने जाऊन बूट घातले आणि हीटरकडच्या खुर्च्या मिटायला घेतल्या. दुसरं काय करणार? हातांना काम हवं होतं. सात-आठ खुर्च्या मिटून झाल्या तेव्हा योहाना त्याच्यापाशी आली.

“खुर्च्या उचलायच्या नाहीत असं ठरलं होतं आपलं,” ती म्हणाली.

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली. वर बघायची हिंमत होईना.

“मला दहा मिनिटं तुझा भयंकर राग आला होता,” ती म्हणाली. “तू वाकलास ना, तेव्हा मला वाटलं तू माझ्या पणजोबांना नमस्कार केलास. शंभर वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा. आणि मग तू त्या माणसाला हो म्हणालास.”

श्रीरंगने तिला सगळं सांगितलं. वडिलांचा नियम, रद्दी वेचणं, कपाळाला लावणं. तुटक तुटक, पण सांगितलं.

“म्हणजे बिलालासुद्धा?”

“बिलालासुद्धा.”

“म्हणजे तो नमस्कार पणजोबांना नव्हता.”

हो, त्यांनाच होता, असं म्हणता आलं असतं. तिला आवडलंही असतं. पण तिच्याशी तो सात महिने खरं बोलत आला होता. “नाही,” तो म्हणाला. “पाय लागला म्हणून.”

योहाना किंचित हसली. “खरं बोललास, बरं केलंस. आणि गेनाऊ?”

“भीतीने. मला माफ कर. मी फार भित्रा माणूस आहे.”

“ते दिसलं,” ती म्हणाली, पण आवाजात आता राग नव्हता. “चल. फ्राऊ लिंडनरनी कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये बारा जणांचं टेबल सांगितलंय. तुझी जागा मी माझ्या शेजारी धरायला लावलीय, दुपारीच. ल्युडर्स पण येतोय. त्याच्या समोर बस आणि हे जे आत्ता मला सांगितलंस ना, हळदीच्या बिलाचं, ते त्याला सांग. मला ऐकायचंय.”

हाच क्षण होता. तिथे नको, माझ्याकडे चल, श्रीखंड केलंय, एवढं म्हणायचं होतं. वाक्य पंधरा दिवस घोटून तयार होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? ऐनवेळी तिला सोडून ल्युडर्सच्या बाजूला जाऊन बसलेला माणूस तिला कुठल्या हक्काने घरी जेवायला बोलावणार? आणि त्या टेबलावर बारा जणांसमोर ल्युडर्सच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं ते वेगळंच. पुन्हा तोंड उघडेल आणि पुन्हा तेच बाहेर पडेल, याची त्याला खात्री होती. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

“मला घरी जायला हवं,” तो म्हणाला.

“आज? का रे?”

“जेवण तयार आहे घरी.”

योहानाच्या भुवया वर गेल्या. “कोणी वाट बघतंय तुझी?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं त्याने. नाही म्हटलं असतं तर तिने त्याची बाही धरून ओढत नेलं असतं, नाहीतर म्हणाली असती, मग मीच येते तुझ्याकडे. तिचा स्वभाव आता त्याला माहीत होता. नाही म्हटलं की सगळं उघडं पडणार होतं, एकटेपणासकट, पंधरा दिवसांच्या तयारीसकट. त्या संध्याकाळी एकदा उघडं पडणं त्याला पुरे झालं होतं.

“हो,” तो म्हणाला.

तिचा चेहरा खुलला. अगदी मनापासून खुलला. “अरे मग सात महिन्यांत एकदा तरी बोलायचंस! आणि मी बावळट, मला वाटायचं शुक्रवार ते सोमवार तू कोणाशी बोलतही नसशील. फ्राऊ लिंडनरना सांगून जाणार होते, त्याच्याकडे लक्ष असू द्या म्हणून. लिस्बनहून दर रविवारी तुला फोन करायचा, असंसुद्धा मी ठरवलं होतं.” तिने त्याला घट्ट मिठी मारली. “बरं वाटलं मला. खरंच. आता जा लवकर, वाट बघायला लावू नकोस.”

आणि ती वाइनच्या टेबलाकडे निघून गेली. तिकडे कोणीतरी तिला हाक मारली, ती हसून काहीतरी बोलली.

श्रीरंग खुर्च्यांमध्ये उभा राहिला. सात महिने कोणालातरी आपली काळजी वाटत होती, हे त्याला आत्ता कळत होतं. आणि ती काळजी त्याने आत्ताच, स्वतःच्या तोंडाने, मिटवून टाकली होती.